पावण्याचं पाणी

"लवू, आज वायच लवकर जा रे. साहेब येतले," वयनी म्हणाली आणि दोन्ही कळश्या तिने माझ्या पायांशी आणून ठेवल्या.

तिला सातवा महिना चालू होता. कळश्या रिकाम्या होत्या तरी मी तिच्यावर डाफरलो. "रिकामी कळशी तरी माका उचलूक देशीत की नाय?"

"उचल मग. तोंड कित्याक चलयतंस?"

आमचा कांदळजुवा म्हणजे खाडीच्या मुखाशी असलेलं एक लांबट बेट. खाडीतल्या अशा बेटांना आमच्याकडे जुवा म्हणतात. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये माडांच्या राया आणि पंचवीस-तीस घरं. बहुतेक गाबीत, मासेमारीवर जगणारे. माझा मोठा भाऊ, दादा, गुजरातच्या बाजूला बोटीवर खलाशी होता. तो पावसाळा तोंडावर आला की घरी यायचा. घरात उरलो आम्ही तिघं : माझे वडील आबा, वयनी आणि मी. मी आठ वर्षांचा असताना आई गेली, आणि पुढच्याच वर्षी जयवंतीवयनी लग्न होऊन घरात आली. मला न्हाऊमाखू घातलं ते तिनेच. त्यामुळे तिच्याशी भांडायचा पूर्ण हक्क माझ्याकडे होता आणि तो मी रोज बजावत असे.

जुव्याच्या मधोमध एक विहीर आहे. आहे म्हणतो, कारण ती अजून तिथेच आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तिचं पाणी शहाळ्यासारखं गोड होतं. आमच्या घराकडे त्या विहिरीच्या पूजेचा मान होता. चैत्रात आबा तिला हळदकुंकू वाहायचे, नारळ द्यायचे, आणि मग गाव पाणी भरायचं. पुढे वर नदीला धरण झालं. नदीचं पाणी अडलं आणि खाडी अंगावर आली. एका उधाणात खारबांध फुटला, तो पुन्हा नीट बांधलाच गेला नाही. विहीर पहिल्या वर्षी मचूळ झाली, दुसऱ्या वर्षी तिच्यात डाळ शिजेना. तिसऱ्या वर्षी माडांचे शेंडे पिवळे पडले आणि शहाळीसुद्धा धरेनाशी झाली.

लोक तेच पाणी पीत होते. सवय झाली होती. पण वयनीची गोष्ट वेगळी होती. तिची आधीची दोन बाळंतपणं माहेरी झाली आणि दोन्ही मुलं हाती लागली नाहीत. या वेळी ती माहेरी जायला तयारच नव्हती. पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं ब्लडप्रेशर मोजलं, पायांची सूज बोटाने दाबून पाहिली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "मीठ बंद. अजिबात बंद. आणि ते तुमच्या बेटावरचं पाणी तिच्या पोटात जाता कामा नये."

तेव्हापासून मी रोज होडी घेऊन पलीकडे जात होतो. तिथे दाजी परुळेकरांच्या परसात विहीर होती. दाजी आबांचे लहानपणापासूनचे सोबती. त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, "विचारीत बसा नको. येवचा, भरूचा, जावचा." दोन कळश्या मी भरून आणायचो. वयनी त्यातली एकच स्वतःसाठी मानायची आणि दुसरीतलं आबांच्या चहाला वापरायची. त्यावरून आमचं वाजायचं.

"दुसरी कित्याक आणतंस? पाठ मोडतली तुझी."

"तुझ्यासाठी नाय आणीत. आत आसा तेच्यासाठी."

"आत आसा ता एवढा पिता?" ती हसायची. "नळ येवंदे. पयली कळशी मी भरतलंय. सगळ्या बायकांनी माझ्या मागे रवायचा."

नळ येणार, हे त्या वर्षी साऱ्या खाडीकाठच्या तोंडी होतं. धरणातून मोठी पाइपलाइन निघणार होती आणि किनाऱ्यावरच्या गावांना पुढची तीस वर्षं पुरेल एवढं पाणी मिळणार होतं. प्रादेशिक योजना असं तिचं भारदस्त नाव. कुठली गावं घ्यायची, कुठली वगळायची, ते ठरवायला एक साहेब गावोगाव फिरत होते. काठावरच्या गावांच्या समितीवर दाजी होते. त्यांनीच खटपट करून साहेबांचा एक दिवस आमच्या जुव्यासाठी काढला होता.

"आणि नळ येयसर तुझा लगीन ठरूचा नाय," वयनीने जाता जाता टोमणा मारला. "ह्या पाण्यावर आपला चेडू कोण देतलो?"

त्या सकाळी मी पाणी घेऊन आलो, कळश्या उतरवल्या, आणि भरतीच्या पाण्यावर पुन्हा साहेबांना आणायला गेलो. पिंगळेसाहेब घाटावरचे. पस्तिशीचे असतील. होडीत बसताना त्यांनी दोन्ही हातांनी कड धरली ती जुवा येईपर्यंत सोडली नाही. बरोबर एक शिपाई, त्याच्या खांद्यावर पिशवी. दाजी होडीच्या टोकाला बसून साहेबांना दाखवत होते, "ती माडां बघा, साहेब. खारान गेली सगळी."

आबा धोतर-सदरा घालून ढक्क्यावर उभे होते. दाजींनी उतरताच त्यांना बाजूला घेतलं. मी होडी बांधत होतो, मला ऐकू आलं.

"आबा, साहेबाक सरळ सांग. पाणी खारा झालाहा म्हणान. लाजू नको."

आबांनी सदऱ्याची बाही सारखी केली. "दाजी, तिची पूजा केलंय मी जलमभर. तिका तोंडार खारी कशी म्हणू?"

"मगे मी म्हणतंय. तू नुसतो उभो रव."

आमच्याकडे एक रीत आहे. खाडी ओलांडून जुव्यावर कोणीही येवो, वैरी का असेना, त्याच्या पायांवर पाणी ओतायचं आणि हातावर गुळाचा खडा ठेवून तांब्याभर पाणी द्यायचं. त्याशिवाय त्याच्याशी कामाचं बोलायचं नाही. आणि दिलेली गोष्ट कुठून आणली, घरात किती होती, हे पावण्याला कळू द्यायचं नाही. ते कळलं तर पावण्याच्या घशाखाली घास उतरत नाही, असं आमची म्हातारी माणसं म्हणायची.

वयनी पदर खोचून दारात उभी होतीच. साहेबांनी पायांवर पाणी घेतलं, पण तांब्या घेतला नाही. "आधी बांध पाहून येऊ. परत येताना घेतो."

"येतास ना नक्की? पाणी न घेता गेलात तर घराक बरा दिसाचा नाय," वयनी म्हणाली.

आबा, दाजी, साहेब आणि शिपाई बांधाकडे गेले. मी होडीपाशी थांबलो. भरती संपून पाणी वळायला लागलं होतं. आमच्या ढक्क्याखाली ओहोटीला नुसता चिखल उरतो आणि होडी त्यात रुतली की पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही. मी पाण्याकडे बघत होतो आणि बांधाकडेही बघत होतो. लांबून मला दिसलं, आबा आणि दाजी माडांमध्ये पावलं टाकत होते. टाकी कुठे बांधायची त्याची जागा ते ठरवत होते. दोन म्हातारे एकमेकांना हातवारे करून सांगत होते, इथे नको, तिथे. मला हसू आलं. साहेब आणि शिपाई मात्र ऊन सोसवेना म्हणून घराकडे वळले होते.

पाणी उतरायला लागलं तसा मी हाका मारू लागलो. "साहेब, चला. होडी रुतात."

साहेब घाईघाईने आले. दाजीही धावतपळत आले. होडीत शिपायाच्या पिशवीतून बाटलीचं तोंड बाहेर दिसत होतं. बाटली भरलेली होती. म्हणजे तपासणीसाठी पाणी घेतलं, असं मला वाटलं आणि बरं वाटलं. विहिरीच्या त्या पाण्याचा एक थेंब जिभेवर ठेवला असता तरी कोणाचीही खात्री पटली असती.

संध्याकाळच्या भरतीला मी परतलो तर एक कळशी पालथी घातलेली. दुसरीत तळाला थोडंसं पाणी.

"पाणी खंय गेला?"

"पावण्यांका दिला वायच."

"वायच? तेंका काय आंघोळ घातलंस?"

"उन्हातसून इल्ले, लवू. तहानलेले." ती चुलीपाशी बसून पायांची बोटं दाबत होती. चेहरा थकलेला, पण डोळ्यांत आनंद मावत नव्हता. "साहेब बरो माणूस आसा. नळ येतलो बघ. मी विचारलंय तेंका, गणपतीपर्यंत येयत काय? हसले नुसते."

त्याच रात्री वारा सुटला. वळवाचं वादळ ते. पुढचे चार दिवस खाडीत होडी घालणं म्हणजे जिवावर उदार होणं होतं. मी एकदा घातली आणि कळशीसकट उलटलो. माझ्या ओल्या अंगाकडे पाहून आबांनी होडीची दोरी काढून घरात नेली. वयनीने विहिरीचं पाणी उकळून, गाळून घेतलं. उकळून मीठ जात नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

वारा पडला त्या सकाळी ती म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे दिसतायत, डोकं फुटतंय. आणि ओटीवरच तिला झटका आला. मी आणि शेजारच्यांनी तिला होडीत घातलं. आबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि अख्खी खाडी पार होईपर्यंत तिला "चेडवा, चेडवा" एवढंच म्हणत होते. होडी येताना बघून दाजींनी काठावर बैलगाडी तयार ठेवली होती. दवाखान्यात मूल वाचलं. मुलगी, मुठीएवढी. वयनी शुद्धीवर आलीच नाही.

मी डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभा राहिलो. त्या चार दिवसांच्या पाण्याने झालं का, एवढंच मला विचारायचं होतं. त्यांना ते न सांगता कळलं. "चार दिवसांचं नाही हे," त्या म्हणाल्या. "शरीर किती वर्षं ते पाणी सोसत होतं." त्यांनी मला धीर द्यायलाच सांगितलं असेल. मला त्याने धीर आला नाही.

गणपती झाल्यावर योजनेतल्या गावांची नावं जाहीर झाली. काठावरची सगळी गावं होती. दाजींची वाडी होती. कांदळजुवा नव्हता. आबांनी कचेरीत जाऊन विचारलं, तर सांगण्यात आलं की जुव्यावर पिण्याजोगं पाणी आहे, तपासणी झालेली आहे, पुढच्या आराखड्याच्या वेळी अर्ज करा. पुढचा आराखडा म्हणजे किती वर्षांनी, ते कोणी सांगितलं नाही.

आबांना त्यात एकच अर्थ दिसला. समितीवर दाजी होते. दाजींच्या वाडीला नळ मिळाला. म्हणजे दाजींनी आमचं पाणी तोडलं. मी त्यांना खूप समजावलं. ते म्हणाले, "टाकीची जागा माझ्याबरोबर फिरान बघलान आणि थंय जावन माझा नाव काटलान." दाजी दोनदा होडी करून आले. आबांनी त्यांच्या पायांवर पाणी ओतलं, हातावर गूळ ठेवला, तांब्या दिला. रीत मोडली नाही. पण एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्यांदा दाजी तांब्या न उचलताच उठले आणि पुन्हा जुव्यावर आले नाहीत.

काही वर्षांनी दाजी गेले. आबा पलीकडे गेले नाहीत. ढक्क्यावर बसून पैलतीरावरच्या धुराकडे बघत राहिले. मी जवळ गेलो तर म्हणाले, "लहानपणी आमी एकाच होडयेत पवाक शिकलो." तेवढंच. त्यानंतर ते स्वतःही फार दिवस काढू शकले नाहीत.

जुवा हळूहळू रिकामा झाला. कोणी मुंबईला, कोणी काठावर. दादा बोटीवरच राहिला. वर्षातून एकदा यायचा, मुलीला जवळ घ्यायचा आणि तिचा चेहरा पाहवत नाही म्हणून निघून जायचा. मुलीचं नाव दर्शना. तिला मी आणि माझ्या बायकोने वाढवलं. होय, माझं लग्न झालं, पण जुवा सोडल्यावरच. दाजींच्या मुलाने आम्हाला काठावर घर बांधायला जागा दिली. आबांच्या वागण्याचा त्याने कधी चकार शब्द काढला नाही. तिथेच मी खानावळ काढली. समुद्र बघायला येणारी माणसं जेवायला येतात. दर्शना आलेल्याच्या पुढ्यात आधी गूळ-पाणी ठेवते. शहरातली माणसं त्याचे फोटो काढतात.

गेल्या हिवाळ्यात एक म्हातारं जोडपं आलं. गृहस्थांनी गुळाचा खडा हातात घेतला आणि ते थांबले.

"असं गूळ-पाणी मला एकदा मिळालं होतं," ते बायकोला म्हणाले. "इथेच समोर कुठेतरी एक बेट होतं."

आवाजावरून मी ओळखलं, पिंगळेसाहेब. मी भाकऱ्यांची टोपली घेऊन उभा होतो. ती खाली ठेवली. "कांदळजुवा," मी म्हटलं.

"बरोबर! तुम्ही तिकडचे?" त्यांचा चेहरा उजळला. "अहो, या सगळ्या किनाऱ्यावर मी नोकरीत गावोगाव पाणी प्यायलोय, पण त्या बेटासारखं गोड पाणी कुठे नाही प्यायलो. आणि देणारी बाई! दिवस गेलेले होते तिला. मी एक तांब्या प्यायलो, शिपाई प्यायला, तिने पुन्हा भरून दिला."

दर्शना पाण्याचा जग हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"मला विहिरीवर जाऊन तपासणीची बाटली भरायची होती," साहेब सांगत होते. "पण ओहोटी लागली, होडीवाला ओरडायला लागला. मी तिलाच म्हटलं, बाई, एवढी बाटली भरून देता का? तिला वाटलं, मला वाटेत प्यायला हवंय. कळशी पार तिरपी करून तिने भरली. मी विचारलं, हे पाणी कुठलं? म्हणाली, घरचाच आसा, पिया पोटभर. मग काय, बाटली पास झाली."

मी खाली ठेवलेली टोपली उचलली आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

"एक म्हातारा मात्र फार मागे लागला होता," ते हसत म्हणाले. "समितीवरचा. कचेरीत येऊन हात जोडायचा, त्या बेटाचं पाणी खारट आहे, पुन्हा तपासा. दरवाजाशी बसून राहायचा. आता, सगळीच गावं आपलं पाणी खारट आहे म्हणून सांगायची. मी त्याला म्हटलं, अहो दाजी, मी स्वतः प्यायलोय ते पाणी. मग तो गप्प झाला." त्यांनी तांब्या उचलला. "कसा आहे तो जुवा आता?"

दाजींचं पाणी. दाजींच्या परसातलं, मी होडीतून आणलेलं पाणी साहेब प्यायले होते, बाटलीत घालून घेऊन गेले होते, आणि त्याच पाण्याचा पुरावा दाखवून त्यांनी दाजींना परत पाठवलं होतं. दाजी का गप्प झाले असतील ते मला त्या क्षणी समजलं. त्यांना कळलं असणार. साहेबांना सांगावं तर पाणी कुठून आणलं ते पावण्याला कळलं असतं, आणि आबांना सांगावं तर वयनीचं नाव घ्यावं लागलं असतं, जिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांनी आबांचा अबोला सोसला, पण तिचं नाव घेतलं नाही.

माझ्या मनात खूप राग उसळला. या माणसाला सगळं ऐकवावं, एकेक शब्द, असं वाटलं. मी तोंड उघडलंही. साहेब दोन्ही हातांनी तांब्या धरून पाणी पीत होते.

"बरो आसा," मी म्हटलं. "माणसं नाहीत आता. पण विहीर आहे."

"गोड होतं हो पाणी."

"होय. गोडच होतं."

जेवून, पुन्हा यायचं आश्वासन देऊन ते गेले. दर्शनाने ताटं उचलली नाहीत. आईच्या आजारपणाचं, रोजच्या दोन कळश्यांचं तिला मी लहानपणापासून सांगितलेलं होतं. एवढाच धागा राहिला होता, तो आज तिने माझ्याबरोबर ऐकला.

"काका," ती म्हणाली, "घरात तेवढाच पाणी होता ना? आयेन तां कित्याक दिला?"

मी तिच्याकडे बघितलं. डोळे वयनीचेच आहेत.

"पावणो इल्लो गो," मी म्हटलं.

बाहेर रस्त्यावर दुसरी गाडी येऊन थांबली. दर्शनाने साहेबांचा रिकामा तांब्या उचलला आणि ती आत गेली. थोड्या वेळाने मला नळ सोडल्याचा आवाज आला.